जाड अक्षरांची बदनामी

एका साहित्य मेळाव्याचा फलक बारीक, राखाडी अक्षरांत रंगवला होता. मागच्या रांगेतले एक चाचा दोनदा विचारत होते, "अध्यक्ष कोण आहेत?" कुणीतरी म्हणाले, "फलकावर लिहिलंय की!" नंतर फलक करणाऱ्याला विचारले, तर उत्तर मिळाले, "जाड अक्षर बाजारू दिसतं."

बारीक अक्षर म्हणजे तहजीब आणि ठसठशीत अक्षर म्हणजे बाजार, हा समज आपल्याकडचाच नाही. 'कूपर ब्लॅक' या इंग्रजी अक्षरवळणाने तो शंभर वर्षे सोसला आहे. शिकागोच्या ऑझ्वाल्ड कूपरने ते रेखाटले आणि तिथल्याच बार्नहार्ट ब्रदर्स अँड स्पिंडलर या खिळे ओतणाऱ्या कंपनीने १९२२ मध्ये ते बाजारात आणले. जुन्या वळणाच्या मुद्रकांनी नाके मुरडली. कूपर मात्र मिस्कीलपणे सांगे की, हे अक्षर दूरदृष्टीच्या मुद्रकांसाठी आहे, ज्यांच्या गिऱ्हाइकांना दूरचे दिसत नाही! या विनोदात गिऱ्हाइकाची कीव नाही, त्याची सोय आहे.

आता अक्षराकडेच पाहा. त्याला सेरिफ आहेत, म्हणजे रेघांच्या टोकांना बाहेर आलेल्या टाचा. पण एकही टाच टोचत नाही. सगळी टोके गोल, जणू लोण्यावरून बोट फिरवले आहे. याउलट बोदोनीच्या घराण्यात जाड रेघेशेजारी केसाएवढी रेघ असते. जवळून रुबाब मोठा; पण चार पावले मागे सरका, केस गायब होतो आणि अक्षराचे तुकडे उरतात. कूपर ब्लॅक स्वस्त कागद सोसते, पसरलेली शाई सोसते. १९७० च्या दशकात इस्त्रीने टी-शर्टवर उमटवायच्या अक्षरांत ते इतके चालले, ते काय उगाच? 'बीच बॉइज'ची १९६६ ची 'पेट साउंड्स' ही तबकडी घ्या किंवा 'ईझीजेट' या विमान कंपनीचे नाव घ्या, दोन्हीकडे हेच अक्षर आहे.

दोष आहेतच. अक्षराच्या पोटातल्या पोकळ्या लहान. सलग मजकूर लावलात तर चिखल होईल. शोकवार्तेला लावलात तर मयताशेजारी हसत बसेल. पण ताशावर अंगाई वाजत नाही, म्हणून ताशेवाल्याला अडाणी म्हणायचे का?

आपल्या देवनागरीत सेरिफ नाहीत, शिरोरेषा आहे. जाडी वाढली की रेघा आणि मात्रा एकमेकींना खेटतात. काम अवघड खरे. तरीही मुंबईच्या 'एक टाइप'ने 'मोदक' हे गलेलठ्ठ वळण घडवले. त्यात पोकळ्यांच्या जागी नुसत्या फटी आहेत आणि तरी अक्षर ओळखू येते. शिवाय ते फुकट मिळते.

पुढच्या मेळाव्याचा फलक कोण करणार हे ठरले असेल, तर त्याला एवढे कळवा. चाचा येणारच आहेत.