नोंदवहींतील पूर्वज

आपल्याकडे वंशावळ सांगावयास बसलें म्हणजे बहुधा प्रत्येकाचा मूळ पुरुष किल्लेदार, इनामदार, निदान एखाद्या दरबारचा कारभारी तरी निघतो. पोटासाठीं गांव सोडून परमुलखांत उंसाच्या मळ्यावर राबण्यास गेलेला पुरुष कोणाच्याच घराण्यांत सांपडत नाहीं! वस्तुतः असे पुरुष थोडे झाले नाहींत. त्यांचा माग कसा लागतो आणि लागल्यावर तो कोणत्या बुद्धीनें घ्यावा, ह्याचा विचार मॉरिशस बेटाच्या उदाहरणावरून करूं.

हिंदी महासागरांतील हें बेट १८१० मध्यें फ्रेंचांकडून इंग्रजांच्या हातीं आलें. तेथील उंसाचे मळे गुलामांच्या श्रमांवर चालत. १८३५ मध्यें तेथील गुलामगिरी कायद्यानें बंद झाली. पण ती बंद होणार हें दिसूं लागतांच मळेवाल्यांनीं हिंदुस्थानाकडे दृष्टि वळविली होती. २ नोव्हेंबर १८३४ रोजीं ‘अ‍ॅटलस’ जहाजांतून ३६ करारबंद मजूर पोर्ट लुई बंदरांत पोंचले. त्यानंतर १९२० पर्यंत जवळजवळ पांच लाख हिंदी मजूर त्या बंदरीं उतरले. पुष्कळसे बिहारकडील व मद्रासकडील होते. परंतु मुंबईहूनही जहाजें गेलीं व त्यांत रत्नागिरीकडील मराठी माणसें होतीं. आपल्या जुन्या माणसांच्या तोंडीं ‘मोरस साखर’ हा शब्द असे. तो मोरस म्हणजे हेंच मॉरिशस. ती साखर ज्यांच्या घामानें पिकली, त्यांत आपलेही गांवकरी होते.

बंदरांत उतरलेल्या प्रत्येक मजुरास एक क्रमांक मिळे. नोंदवहींत त्याचें नांव, बापाचें नांव, वय, जात, उंची, अंगावरील खूण, गांव, जिल्हा, जहाज आणि मळेवाल्याचें नांव लिहीत. ह्या वह्या आज मोका येथील महात्मा गांधी संस्थेंत जतन केल्या आहेत. वंशज आपल्या आजोबांचा किंवा पणजोबांचा जन्माचा अथवा लग्नाचा दाखला मिळवितात. त्यावर मूळ मजुराचा क्रमांक असला, तर त्याच्या आधारें वहींतील पान उघडतें आणि हरवलेल्या गांवाचें नांव हातीं येतें. मात्र कारकून कानांवर पडेल तसें लिही. त्यामुळें मराठी नांवाचें रूप पार पालटे, आणि पुष्कळदां मजुराचें स्वतःचें नांवच पुढें कुळाचें आडनांव होऊन बसे.

आतां मुख्य मुद्दा. ही वही लिहिली कोणी, आणि कशासाठीं? उंची व अंगावरील खूण लिहिली, ती पळालेला मजूर ओळखतां यावा म्हणून. पगार बहुधा दरमहा ५ रुपये व शिधा. एक दिवस गैरहजर राहिल्यास दोन दिवसांचा पगार कापीत. १८६७ च्या कायद्यानें, करार पुरा केलेल्या मजुरासही छायाचित्र लावलेला परवाना जवळ बाळगावा लागे. तो नसला तर ‘भटक्या’ म्हणून अटक होई. तेव्हां आपल्या पूर्वजाच्या नांवापुढें तुरुंगवासाची नोंद आढळली, तर वंशजानें लाजेनें पान मिटावें काय? मुळींच नाहीं. १८७१ मध्यें प्लेवित्झ नांवाच्या एका मळेवाल्याच्या साहाय्यानें ९,४०१ जुन्या मजुरांनीं गाऱ्हाण्याचा अर्ज केला. पुढें राजाज्ञेनें चौकशी मंडळ नेमलें गेलें, आणि मजुरांवर अन्याय होत असल्याचें त्यास आढळून आलें. ज्यास वहींत गुन्हेगार म्हटलें, तो कित्येकदां केवळ कागद घरीं विसरलेला कष्टाळू माणूस असे.

ह्याच्या उलट दुसरी चूकही होते. घरांत परंपरेनें सांगितलेली जात किंवा प्रतिष्ठा वहीशीं जुळली नाहीं, म्हणजे कित्येकांस वही खोटी वाटूं लागते. वहींत चुका असतात हें खरें. कारकून चुके, आणि मजूरही कधीं नांव व जात बदलून सांगे. परंतु जी नोंद आपल्या अभिमानास रुचत नाहीं तेवढीच खोटी ठरविणें, हा सत्याचा शोध नव्हे. कागद व घरची आठवण दोन्ही समोर ठेवून दोहोंची सारखीच उलटतपासणी करावी, असें आमचें स्पष्ट मत आहे. वहींत उंची मिळते. गांव सोडतांना कोणी रडलें कीं नाहीं, हें मिळत नाहीं. तें घरच्या आठवणींतच शोधलें पाहिजे.

त्या बंदरावरील १८४९ पासूनचा मजुरांचा तळ आज ‘आप्रवासी घाट’ ह्या नांवानें ओळखला जातो, आणि २००६ पासून तो जागतिक वारसास्थानांत गणला जातो. राजवाडे व किल्ले ह्यांच्या पंक्तीस मजुरांच्या पायऱ्या बसल्या, ही गोष्ट लहान नव्हे.

विद्यार्थिमित्रांनो, ह्या सुटींत आपल्या आजीआजोबांपाशीं बसा. मूळ गांव कोणतें, तें कां सोडलें, कोणतें काम केलें, हें विचारा. आजीच्या माहेरचेंही विचारा, कारण वंशावळींत तें बहुधा कोणी लिहीत नाहीं. जें सांगतील तें तारीख घालून जसेंच्या तसें लिहून ठेवा. आणि पालकहो, मुलांनीं विचारल्यास गरिबीची हकीकत गाळूं नका. पूर्वजानें हमाली केली हें ज्या मुलास ठाऊक आहे, तें दारीं आलेल्या हमालास अरेतुरे करावयास सहसा धजणार नाहीं.