ऐकणारा वेगळा, सही करणारा वेगळा

प्रति,
मा. अध्यक्ष आणि सदस्य,
राष्ट्रीय वैद्यकीय आयोग, नवी दिल्ली

महोदय,

२५ ऑगस्ट २०२२ रोजी आपण सगळ्या राज्यांच्या वैद्यक परिषदांना पत्र पाठवलंत. समलिंगी आणि ट्रान्स माणसांना ‘बरं’ करण्याच्या नावाखाली चालणारी कन्व्हर्जन थेरपी हे व्यावसायिक गैरवर्तन आहे आणि ती करणाऱ्या डॉक्टरवर परिषदेला कारवाई करता येईल, असं त्यात स्पष्ट म्हटलंत. त्या पत्राबद्दल मी आपले मनापासून आभार मानतो. ते आधी निघालं असतं तर माझ्या विशीतली काही वर्षं वाचली असती.

मी ट्रान्स पुरुष आहे. आमचं घर मूळचं विट्याकडचं. सोन्या-चांदीच्या गलाईसाठी आमच्या भागातली माणसं देशभर पांगली, त्यांतलेच माझे आजोबा जयपूरच्या जोहरी बाजारात आले. मी आता आमेरला राहतो, ब्लॉक प्रिंटच्या एका कारखान्याचे हिशेब बघतो.

घरच्यांनी मला पहिल्यांदा मानसोपचारतज्ज्ञाकडे नेलं तेव्हा मी शेजारच्याच खुर्चीत बसलो होतो आणि डॉक्टर सगळे प्रश्न आईला विचारत होते. कधीपासून असं वागते? मैत्रिणी कोण आहेत? मोबाइलवर काय बघते? मग त्यांनी गोळ्या लिहून दिल्या. त्या घेतल्या की दुपारपर्यंत डोळे उघडत नसत. वर सल्ला मिळाला की चांगलं स्थळ बघा, सगळं मार्गी लागेल. आईला मी बोल लावत नाही. एवढ्या मोठ्या डॉक्टरांनी सांगितल्यावर तिनं काय करायचं होतं? खरं तर त्या डॉक्टरांनाही सगळा बोल लावता येत नाही, कारण त्यांना जे शिकवलं गेलं तेच ते बोलले. ३१ ऑगस्ट २०२४ ला आपल्याच आयोगाच्या नव्या अभ्यासक्रमात न्यायवैद्यकाच्या विषयात समलिंगी संबंध पुन्हा ‘अनैसर्गिक गुन्हे’ म्हणून आले होते. ओरड झाली आणि आठवड्याच्या आत आपण तो मागे घेतलात, हे चांगलं केलंत. पण २०२२ मध्ये अभ्यासक्रमातून पुसलेली ओळ दोन वर्षांत परत उमटते, यावरून ती किती खोलवर मुरलेली आहे ते कळतं.

आपल्या पत्रानं काय करू नये ते सांगितलं. चांगला मानसोपचारक कसा सापडायचा, हा प्रश्न मात्र आमच्याकडे जिथल्या तिथेच आहे. आमेरहून जयपूर बसनं अर्धा-पाऊण तास. शहरात पाट्या पुष्कळ आहेत, पण कोणत्या पाटीमागे काय बसलंय हे बाहेरून कळत नाही. म्हणून आम्ही एकमेकांना विचारतो. ‘तिथं जाऊ नकोस’ अशी नावं भराभर मिळतात, ‘इथं जा’ म्हणून मिळणारी एखाद-दुसरीच, आणि त्यांची फी आमच्यातल्या बहुतेकांच्या आवाक्याबाहेरची.

मला माझी समुपदेशक शेवटी मिळाली ती पुण्यात, व्हिडिओ कॉलवर. मुंबईच्या मारीवाला हेल्थ इनिशिएटिव्हचा क्विअर अफर्मेटिव्ह, म्हणजे क्विअर माणसाला आहे तसं स्वीकारणाऱ्या, समुपदेशनाचा अभ्यासक्रम तिनं केलेला होता. हा अभ्यासक्रम क्विअर आणि ट्रान्स माणसांनीच बांधला आहे. पहिल्या दिवशी तिनं दोन गोष्टी विचारल्या. तुला काय नावानं हाक मारू? आणि घरातलं कुणी फोनजवळ असलं तर कोणत्या नावानं मारू? हा दुसरा प्रश्न ज्याला सुचतो त्याला आमचं जगणं ठाऊक असतं. पुढे आम्ही बोललो ते बरंचसं आबांच्या आजारपणाबद्दल, कामावरच्या ताणाबद्दल, रात्री झोप न येण्याबद्दल. ट्रान्स माणसाला एरवीची दुःखंही असतात आणि ती सांगायला जागा लागते, हे मला तिच्याशी बोलताना कळलं. दोन खोल्यांच्या घरात दार लावून बोलता येत नाही, म्हणून गडामागच्या सागर तलावाच्या पायऱ्यांवर बसून मी तिच्याशी बोलत असे. रेंज गेली की वरच्या पायरीवर चढायचं.

आता ज्यासाठी हे पत्र लिहितोय ते सांगतो. हार्मोन किंवा शस्त्रक्रिया हवी असेल तर मानसोपचारतज्ज्ञाचं पत्र आणा, असं डॉक्टर सांगतात. म्हणजे ज्याच्यापाशी मन मोकळं करायचं त्याच्याच हातात सही. त्यामुळे आमच्यात एक गोष्ट पाठ करून जायची रीत पडली आहे. लहानपणापासून फ्रॉक आवडला नाही, बाहुल्या आवडल्या नाहीत, एक क्षणही शंका आली नाही. मी स्वतः दोन मित्रांना ही उत्तरं घोटून घेतली आहेत. शस्त्रक्रियेची भीती वाटते असं म्हटलं तर सही लांबेल. रडू येतं म्हटलं तर ‘आधी नैराश्य बरं करू’. मग ज्या माणसाला सगळ्यात जास्त बोलायची गरज असते तोच त्या खोलीत सगळ्यात जास्त लपवतो. डॉक्टरसमोर घालवलेला तो तास वाया जातो आणि भीती घेऊन माणूस एकटाच शस्त्रक्रियेच्या टेबलावर जातो.

जगानं या बाबतीत मार्ग बदलला आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-११ या रोगवर्गीकरणात, जे १ जानेवारी २०२२ पासून लागू झालं, लिंगविसंगती मानसिक आजारांच्या प्रकरणातून काढून लैंगिक आरोग्याच्या प्रकरणात नेली आहे. ट्रान्स आरोग्यावर काम करणाऱ्या डब्ल्यूपाथ या जागतिक संस्थेच्या मार्गदर्शक तत्त्वांच्या २०२२ च्या आठव्या आवृत्तीत जननेंद्रियांच्या शस्त्रक्रियेसाठी पूर्वीच्या दोन पत्रांऐवजी एकच पुरे मानलं आहे, आणि उपचाराआधी मानसोपचार झालाच पाहिजे अशी अट ठेवलेली नाही. आपल्याकडे २०१९ मध्ये संसदेनं केलेल्या ट्रान्सजेंडर व्यक्तींच्या हक्कांच्या कायद्याच्या १५ व्या कलमात शस्त्रक्रिया आणि हार्मोन यांच्या आधी व नंतर समुपदेशन देण्याची जबाबदारी सरकारवर टाकली. ती सोय म्हणून लिहिली होती, तिचा टोलनाका व्हायला नको होता.

म्हणून माझी पहिली मागणी ही की ऐकणारा आणि सही करणारा एकच नसावा, असा दंडक आपण घालून द्यावा. जिथं एकच मानसोपचारतज्ज्ञ आहे तिथं निदान एवढं व्हावं की पत्रासाठी काय नोंदलं जाईल हे माणसाला पहिल्याच भेटीत सांगितलं जाईल आणि बाकीचं बोलणं त्या कागदापासून दूर राहील.

दुसरं शिकवण्याबद्दल. मद्रास उच्च न्यायालयाचे न्या. एन. आनंद वेंकटेश यांनी एका समलिंगी जोडप्याच्या संरक्षणाच्या प्रकरणात २०२१ चा निकाल लिहिण्याआधी स्वतः एका मानसशास्त्रज्ञासमोर बसून आपले समज तपासून घेतले आणि तसं निकालपत्रात मोकळेपणानं लिहिलं. उच्च न्यायालयाचे न्यायाधीश हे करू शकतात, तर मानसोपचाराच्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांनाही ते करायला लावता येईल. ट्रान्स माणसांनी घेतलेले तास त्यांच्या अभ्यासक्रमात असावेत, आणि त्या तासांचं मानधन इतर कुणाही अध्यापकाइतकंच असावं.

तिसरं, असं शिक्षण घेतलेल्यांची जिल्हावार यादी राज्यांच्या परिषदांनी जाहीर करावी. चिकित्सा मानसशास्त्रज्ञांची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे असते आणि आपलं पत्र त्यांना लागू नाही, हे मला माहीत आहे. समुपदेशक म्हणून बसणाऱ्या अनेकांची तर कुठेच नोंद नसते. म्हणून ही यादी राज्यांच्या परिषदा आणि पुनर्वास परिषद यांनी मिळून करावी, आणि गैरवर्तनाची तक्रार करणाऱ्याचं नाव, विशेषतः जुनं नाव, गुप्त ठेवायची सोय करावी. आज तक्रार करायची म्हणजे घरच्यांना आणि मोहल्ल्याला सगळं सांगण्यासारखं आहे, म्हणून आम्ही कुणी ती करत नाही.

गेल्या महिन्यात ओळखीतल्या एका कोवळ्या वयाच्या ट्रान्स मुलीनं मला विचारलं, कुणाकडे जाऊ? मी तिला पुण्याचा नंबर दिला. तिच्याकडे स्वतःचा फोन नाही, भावाचा असतो. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबरही त्याच फोनवरून लावावा लागेल. तिला जयपुरातच, आमेरच्या बसनं जाऊन संध्याकाळच्या आत परत येता येईल असं एक दार हवं आहे. तिथं आत कोण बसलंय, हे तिला आधी कळायला हवं. त्या यादीत जयपूर जिल्ह्यापुढे कोणती नावं येतील आणि कधीपर्यंत, एवढं आपण लेखी कळवावं, ही विनंती.

आपला विश्वासू,
एका गलाईवाल्याचा मुलगा
आमेर, जयपूर