चूक माझी, ओझे कोणाचे?



गेले तीन आठवडे आपल्या मंडळीत एकाच गोष्टीची चर्चा चालली आहे. गायन स्पर्धेची ढाल आपण शेजारच्या मंडळीला परत का दिली? उपासनेनंतर चहाच्या वेळी चार जणांनी मला हे विचारले. दोघांनी विचारलेही नाही, फक्त बोलणे सोडले. उत्तर देणे माझे काम आहे, कारण त्या दिवशी परीक्षकांच्या गुणांची बेरीज मी केली होती. पण ते उत्तर मला बेळगावात सापडले नाही. ते कोईमतूरला, मोटारींच्या शर्यतीत सापडले. म्हणून आधी तिकडची गोष्ट सांगतो.

माझा भाचा कोईमतूरला एका कारखान्यात नोकरीला आहे. शहराबाहेर चेट्टिपाळयमला कारी मोटर स्पीडवे नावाचा शर्यतीचा ट्रॅक आहे. साधारण दोन किलोमीटरचा. २००३ साली तो सुरू झाला. एस. करिवर्धन या माणसाच्या नावाने तो ओळखला जातो. करिवर्धन गिरणी चालवणाऱ्या घराण्यातले, पण सामान्य ऐपतीच्या पोरांनाही शर्यत खेळता यावी म्हणून त्यांनी मारुती ८०० च्या इंजिनावर चालणारी छोटी शर्यतीची गाडी तयार करवली. १९९५ साली विमान अपघातात ते गेले. त्यांच्या त्या स्वप्नामुळेच माझ्या भाच्यासारखी पगारावर जगणारी पोरे आज गाडी पळवतात. त्याने आणि त्याच्या तीन मित्रांनी वर्गणी काढून एक जुनी हॅचबॅक घेतली आहे. मागच्या सीट काढून टाकलेल्या, आत लोखंडी पाइपांचा पिंजरा. बक्षीस म्हणजे एक करंडक. खर्च मात्र वर्षभराच्या बचतीचा.

खरे सांगतो, मला हा नाद पसंत नव्हता. एक तर शर्यत रविवारी. बहीण म्हणाली, "दादा, तू एकदा जाऊन बघ, त्याला समजाव." म्हणून गेलो. समजवायला गेलो होतो, हे लक्षात ठेवा.

शनिवारी सकाळी सरावाच्या दुसऱ्याच फेरीत गाडी थांबली. दोरी बांधून ओढून आणली. पुढचे चाक फिरवणाऱ्या एक्सलचा जॉइंट तुटला होता. दुपारी वेळ नोंदवायची फेरी होती. त्या वेळेवर शर्यतीत कोण कुठे उभा राहणार ते ठरते. ती हुकली. म्हणजे रविवारी सगळ्यांच्या मागे उभे राहायचे, तेही गाडी चालू झाली तर. त्या मॉडेलचा एक्सल शहरात दोन-तीन दुकानांत विचारला. सोमवारी या, म्हणाले.

शेजारच्या तंबूत लाल गाडी होती. तिचा चालक कोल्हापूरचा. गुणतक्त्यात माझ्या भाच्याच्या बरोबर एक पायरी वर. मराठी ऐकून तो सकाळपासून अधूनमधून येऊन बसायचा. संध्याकाळी तो स्वतःच्या गाडीसाठी आणलेला जादा एक्सल खांद्यावर टाकून आला.

मी म्हणालो, "अरे, उद्या तुझाच मोडला तर?"

"मग बघू की मामा," तो म्हणाला. "हा उद्या उभाच राहिला नाही तर मी कुणाशी लढू?"

रात्री साडेअकरापर्यंत टॉर्चच्या उजेडात ती पोरे गाडीखाली पडून होती. कोल्हापूरचा गडीही त्यांच्यात. आपण नेहमी म्हणतो, आपल्या मंडळीबाहेर प्रीती राहिली नाही. त्या रात्री ते वाक्य माझ्या तोंडून निघाले नसते.

रविवारी पहाटे मी शहरातल्या एका चर्चमध्ये तमिळ उपासनेला गेलो. शब्द कळले नाहीत, चाली मात्र ओळखीच्या निघाल्या. तिथून ट्रॅकवर पोहोचलो तेव्हा आभाळ भरून आले होते. शर्यतीच्या मध्यावर पाऊस आला. माझा भाचा शेवटून सुरू करून एकेक गाडी मागे टाकत चौथ्या जागेवर आला. पुढे लाल गाडी. एका वळणावर त्या गाडीचा मागचा भाग सरकला, ती गोल फिरली आणि गवतात गेली. भाचा पुढे गेला. तिसरा आला. लाल गाडी कशीबशी परत रस्त्यावर आली आणि नववी.

मी टाळ्या वाजवत धावलो. भाचा गाडीतून उतरला तेव्हा त्याचा चेहरा जिंकलेल्या माणसाचा नव्हता. तो खाली बसून बंपरकडे बघत होता. पांढऱ्या बंपरच्या डाव्या कोपऱ्यावर लाल रंगाचा बोटभर ओरखडा होता.

"मामा, मी लावली त्याला," तो म्हणाला. "ब्रेक उशिरा मारला. अगदी हलकेच लागली, पण लागली."

पाण्याच्या फवाऱ्यात कुणाला काही दिसले नव्हते. वळणावरच्या मार्शलने गाडी स्वतःहून घसरली असे कळवले होते. आणि कोल्हापूरच्या पोरालाही तेच वाटत होते. तो हेल्मेट काढून स्वतःलाच शिव्या देत चालला होता.

आता माझी साक्ष ऐका. मी बावीस वर्षे संडे स्कूलमध्ये शिकवतो. खोट्या साक्षीविषयीची आज्ञा मी किती मुलांकडून पाठ करून घेतली असेल. मी त्या बंपरकडे पाहिले, शेजारचे ओले फडके उचलले आणि म्हणालो, "पुसून टाक. कुणी पाहिलं नाही. मुद्दाम थोडीच केलंस?"

भाच्याने माझ्या हातातून फडके घेतले. पुसले नाही. बाजूला ठेवले.

शर्यतीनंतर लागणारा निकाल तात्पुरता असतो. तक्रार करायला थोडा वेळ दिलेला असतो, साधारण अर्धा तास. कुणाचीही तक्रार नव्हती. तेवढ्या वेळात हा पोरगा अधिकाऱ्यांच्या खोलीत गेला आणि स्वतःविरुद्ध बोलून आला. त्याच्या वेळेत तीस सेकंद वाढवले. तिसरा होता, सातवा झाला. करंडक गेला.

लाल गाडी नववीच राहिली. हे मला फार खटकले. मी म्हणालो, "त्याला तर काहीच मिळालं नाही. मग तुझ्या या खरेपणाचा उपयोग काय?"

उत्तर कोल्हापूरच्या पोराने दिले. तो आमच्या तंबूत आला तेव्हा मला वाटले भांडायला आला. तो भाच्याच्या शेजारी टायरवर बसला आणि म्हणाला, "बरं केलंस सांगितलंस. मला वाटलं माझ्याच हातनं गेली. पुढच्या वेळी पावसात त्या वळणाला मी भिऊनच चालवली असती." मग उठताना म्हणाला, "एक्सल तेवढा काढून दे. आणि ब्रेक जरा लवकर मारत जा."

बंधुभगिनींनो, इतकी वर्षे मी पाप लपवण्याविषयी शिकवले, पण ही बाजू माझ्या कधी लक्षात आली नव्हती. लपवलेली चूक माझ्याजवळ राहत नाही. ती दुसऱ्या कुणाच्या तरी नावावर जमा होते. माझ्या भाच्याने तोंड बंद ठेवले असते तर त्या चुकीचे ओझे एक निरपराध पोरगा घरी घेऊन गेला असता, आणि आपण ते कुणाचे वाहतो आहोत हे त्याला कधी कळलेही नसते.

परतीच्या गाडीत भाच्याने दिलेले शर्यतींच्या इतिहासाचे एक मासिक वाचले. त्यातली एक हकिकत. १९५८ साली पोर्तुगालमधल्या पोर्तो शहरात ग्रां प्री शर्यत झाली. स्टर्लिंग मॉस पहिला आला, माइक हॉथॉर्न दुसरा. दोघेही इंग्रज, दोघेही विश्वविजेतेपदाच्या मागे. शेवटी हॉथॉर्नची गाडी बंद पडली होती आणि ती सुरू करताना तो रस्त्यावर उलट्या दिशेने गेला, असा आरोप होऊन त्याला बाद करायचे ठरत होते. मॉसने तो प्रसंग पाहिला होता. त्याने अधिकाऱ्यांपुढे जाऊन सांगितले की हॉथॉर्न तेव्हा रस्त्यावर नव्हता, कडेच्या पदपथावर होता. हॉथॉर्नचे गुण वाचले. वर्षाच्या शेवटी हिशेब झाला, हॉथॉर्न ४२, मॉस ४१. मॉसने त्या वर्षी चार शर्यती जिंकल्या होत्या, हॉथॉर्नने एक. विजेतेपद हॉथॉर्नला गेले. मॉसला ते पुढेही कधी मिळाले नाही. १२ एप्रिल २०२० रोजी तो वारला. तो पुनरुत्थानाचा रविवार होता.

आपण दर महिन्याला साक्षीची सभा घेतो. कुणाला नोकरी लागली, कुणाचा ताप उतरला, कुणाच्या मुलाला व्हिसा मिळाला. देवाची स्तुती असो. पण ज्या साक्षीने माझे नुकसान होते, अशी साक्ष आपल्या सभेत मी शेवटची कधी ऐकली? मी स्वतः कधी दिली? पौलाने करिंथच्या मंडळीला धावण्याच्या शर्यतीचा दाखला दिला, कारण त्या शहराजवळ दर दोन वर्षांनी इस्थमियन खेळ भरत. विजेत्याला पानांचा मुगुट मिळे आणि तो सुकून जाई. वाचणाऱ्यांनी तो डोळ्यांनी पाहिलेला होता. आपली गायन स्पर्धेची ढाल तरी दुसरे काय आहे?

आता त्या ढालीकडे येतो. स्पर्धेनंतर दीड महिन्याने मी कागद फाइलला लावत होतो. तिसऱ्या परीक्षकाच्या रकान्यात मी एका ठिकाणी दहा गुण जास्त धरले होते, आपल्या बाजूला. बेरीज नीट केली तर आपण दुसरे. मी कागद घडी करून ठेवला. मनाशी म्हणालो, मुद्दाम नव्हते केले, आता कशाला उकरा, मंडळीची शोभा होईल. देवाजवळ क्षमा मागितली आणि झोपलो. ओले फडके मी कोईमतूरला पहिल्यांदा उचलले नव्हते.

कोईमतूरहून परतल्यावर मी पाळक साहेबांना कागद दाखवला. ते म्हणाले, "चला, आजच जाऊ." त्या मंडळीत आम्ही गेलो तेव्हा एक गोष्ट कळली. त्यांच्या गायनवृंदात नववीतली एक मुलगी एकटीने कडवे गायली होती. वरच्या सुरावर तिचा आवाज किंचित फाटला होता. आपल्यामुळे ढाल गेली असे तिने धरून ठेवले, आणि त्या दिवसापासून ती गायला उभी राहिली नाही. कुणी तिला दोष दिला नव्हता. तिनेच घेतला होता. तो दोष माझा होता.

काही जण म्हणतात, क्षमा देवाजवळ मागितली, विषय संपला. मी विचारतो, जक्कयाच्या घरी तारण आले त्या दिवशी त्याने फक्त प्रार्थना केली होती का? त्याने ज्यांचे घेतले होते त्यांचे परत करण्याची भाषा केली, तीही चारचौघांसमोर. काही जण म्हणतात, यामुळे आपल्या मंडळीचे नाव खाली गेले. माझे नाव खाली गेले हे खरे, आणि ते योग्यच झाले. मंडळीचे नाव चुकीच्या बेरजेवर उभे असेल तर ते खाली येऊ द्यावे. काही जणांचा मुद्दा मात्र मला मान्य आहे. आपल्या गायनवृंदातल्या मुलांनी मेहनत केली होती, त्यांना आधी विश्वासात घ्यायला हवे होते. तेवढे माझे चुकले. त्या मुलांची मी येत्या शनिवारी सरावाच्या वेळी माफी मागणार आहे.

प्रत्येक चूक चव्हाट्यावर मांडावी असे मी म्हणत नाही. काही कबुल्यांनी सांगणारा हलका होतो आणि ऐकणारा मोडतो. पण एक प्रश्न स्वतःला विचारून पाहा. मी जे झाकले आहे, त्याचा दोष सध्या कोण वाहते आहे? घरात, भाऊबंदांच्या वाटणीत, कचेरीत, पंचमंडळीच्या हिशेबात? उत्तरात एखादा चेहरा दिसला तर त्या चेहऱ्याकडे जा.

ती मुलगी अजून गायला उभी राहिलेली नाही. तिची आई म्हणाली, "बघू, मी बोलते तिच्याशी." आपण सर्वांनी तिच्यासाठी प्रार्थना करावी. आणि माझ्यासाठीही, कारण फडक्याकडे माझा हात अजूनही आधी जातो.