जवळचे की दूरचे?

मालेगावच्या एका उर्दू शाळेत मी बरीच वर्षे मराठी शिकवले. शाळा सुटल्यावरही जुने विद्यार्थी घरी येतात. कुणी पेढे घेऊन येतो, कुणी अर्ज भरून घ्यायला. एका संध्याकाळी माझी एक जुनी विद्यार्थिनी तिच्या अब्बांबरोबर आली. नीट परीक्षेत तिला उत्तम गुण मिळाले होते. पेढे होते, पण दोघांच्याही चेहऱ्यावर आनंद दिसत नव्हता.

"सर, पसंतीक्रम भरायचा आहे," ती म्हणाली. "आधी मुंबई लिहू की धुळे?"

तिच्या अब्बांनी तिला पुढे बोलू दिले नाही. "सर, तुम्हीच हिला समजवा. धुळे पन्नास किलोमीटरवर आहे. सकाळच्या एस.टी.ने जाईल, संध्याकाळी घरी येईल. मुंबईत हिचे कोण आहे?"

हा पसंतीक्रम म्हणजे काय, ते आधी समजून घ्या. आपल्याला हव्या असलेल्या महाविद्यालयांची नावे एकाखाली एक लिहायची असतात. गुणांप्रमाणे तुमची पाळी आली, की तुमची यादी वरून खाली पाहिली जाते. वरून पाहताना जी पहिली जागा शिल्लक सापडेल, ती तुमची. म्हणून कोणते नाव वर आणि कोणते खाली, यालाच महत्त्व आहे. पूर्वी ही निवड एवढी मोकळी नव्हती. विदर्भ, मराठवाडा आणि उर्वरित महाराष्ट्र असे तीन विभाग होते. राज्याच्या वाट्याच्या जागांपैकी ७० टक्के जागा त्या त्या विभागातल्या मुलांना मिळत आणि ३० टक्के बाहेरच्यांना. २०२० साली हा नियम रद्द झाला. निवड वाढली, आणि तिच्याबरोबर घरातले वादही वाढले!

मी त्या मुलीला काय सांगितले, ते पुढे येईलच. त्याआधी माझी एक चूक सांगतो. बऱ्याच वर्षांपूर्वी एक हुशार मुलगा असाच विचारायला आला होता. मी त्याला म्हणालो, "जितके मोठे नाव, तितके चांगले. डोळे मिटून मोठ्या शहरात जा." तो गेला. खोली मिळायला दोन महिने लागले. जेवण बाधले. वर्गात सगळे फडाफडा इंग्रजी बोलत, हा मागच्या बाकावर गप्प बसे. पहिल्या वर्षी शरीररचनाशास्त्रात तो नापास झाला आणि घरी येऊन बसला. तीन आठवडे त्याने दार उघडले नाही. पुढे तो सावरला, डॉक्टरही झाला. पण तो सल्ला देताना मी त्याचा विचार केलाच नव्हता, फक्त महाविद्यालयाच्या नावाचा केला होता. हे मला आजही टोचते.

दूर जाण्यात मोठेपणा आहे, असे आपल्याला का वाटते? कारण एके काळी दूर गेल्याशिवाय इलाजच नव्हता. आनंदीबाई जोशी १८८३ साली आगबोटीने अमेरिकेला गेल्या, तेव्हा त्या अठरा वर्षांच्या होत्या. फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयातून १८८६ साली त्या डॉक्टर झाल्या. तिथली थंडी आणि परके अन्न त्यांना सोसले नाही. क्षयरोग घेऊन त्या परतल्या आणि फेब्रुवारी १८८७ मध्ये पुण्यात वारल्या. वय पुरते बावीसही नव्हते. कोल्हापूरच्या रुग्णालयात त्यांची नेमणूक झाली होती, पण त्या कामावर रुजू होऊ शकल्या नाहीत. त्यांच्या धैर्याला तोड नाही. पण त्या दूर गेल्या, कारण त्यांना हवे तसे शिक्षण इथे मुलींना मिळत नव्हते.

पुढेही बराच काळ तसेच होते. मराठवाड्यात १९५६ पर्यंत एकही वैद्यकीय महाविद्यालय नव्हते. त्या काळी हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठात वैद्यकशास्त्रसुद्धा उर्दूतून शिकवले जात असे. तुमच्यापैकी किती जणांना हे ठाऊक आहे? १९५६ साली औरंगाबादला, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरला, शासकीय महाविद्यालय निघाले. मग अंबाजोगाई, नांदेड, धुळे, यवतमाळ, अकोला, लातूर येथे महाविद्यालये झाली. अलीकडे जळगाव आणि नंदुरबारही या यादीत आले. ही महाविद्यालये लोकांनी मागून घेतली आहेत. मग आपल्याच मुलांना तिथे जायला कमीपणा का वाटावा?

"पण सर, मुंबईचे शिक्षण जास्त चांगले असते ना?" मुलीने विचारले.

हा प्रश्न खरा आहे. मुंबईच्या जुन्या रुग्णालयांत दुर्मीळ आजारांचे रुग्ण येतात, मोठमोठे तज्ज्ञ असतात, यंत्रे असतात. हे मी नाकारणार नाही. परंतु एम.बी.बी.एस.चा अभ्यासक्रम मुंबईला आणि धुळ्याला एकच आहे. दोन्हीकडची परीक्षा नाशिकचे महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ घेते. साडेचार वर्षे शिक्षण आणि एक वर्ष रुग्णालयात प्रत्यक्ष काम, हेही दोन्हीकडे सारखेच. माझ्या ओळखीचे डॉक्टर सांगतात, की लहान शहरातल्या सरकारी रुग्णालयात शिकाऊ डॉक्टरच्या हाताला काम जास्त मिळते. मोठ्या रुग्णालयात जखम शिवायला पुढच्या वर्गातले चार जण आधीच उभे असतात. हा त्यांचा अनुभव आहे, मला तो पटतो.

आता रुग्णांविषयी. माझ्या मते खरी गोष्ट हीच आहे. धुळ्याच्या रुग्णालयात कोण येते? साक्रीचा शेतकरी येतो, शिरपूरचा मजूर येतो, सातपुड्यातली आदिवासी बाई कडेवर मूल घेऊन येते. त्या डोंगरी भागात सिकलसेल नावाचा रक्ताचा आजार आढळतो. त्यात रक्तातल्या तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकड्या होतात, नसांमध्ये अडकतात आणि रुग्णाला असह्य वेदना होतात. पुस्तकात हा आजार दोन पाने वाचून संपतो. इथे तो समोर बसून कण्हत असतो. आणि आपल्या मालेगावात काय आहे? यंत्रमाग आहेत. दिवसभर खडखडाट, हवेत कापसाची धूळ. ज्या मुलीचे अब्बा यंत्रमागावर काम करतात, तिला खोकणाऱ्या कामगाराला काय विचारायचे हे शिकवावे लागत नाही. मागाशेजारी उभे राहून माणसाला मोठ्याने बोलायची सवय का लागते, हेही तिला ठाऊक असते.

इथे भाषेचा प्रश्न येतो. नीटची प्रश्नपत्रिका २०१८ पासून उर्दूतही मिळते, ही चांगलीच सोय झाली. पण पुढची पुस्तके इंग्रजीत असतात, आणि रुग्ण मराठीत बोलतो, अहिराणीत बोलतो. "पोटात कळ येते", "अंगात कसकस आहे", "जीव घाबरा होतो" या तीन तक्रारी वेगवेगळ्या आहेत. ज्या डॉक्टरला त्यांतला फरक कळत नाही, तो तपासण्या लिहीत बसतो. तुम्हांला वाटते, मराठीचा तास गुणांसाठी आहे. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस मुंबईला शिकले, कारण तेव्हा सोलापुरात महाविद्यालय नव्हते. १९३८ साली ते चीनला जखमी सैनिकांच्या सेवेसाठी गेले आणि तिथे चिनी भाषा शिकले. आपल्याला तर फक्त शेजारच्या माणसाची भाषा शिकायची आहे.

एवढे ऐकून मुलीचे अब्बा खूश झाले. "बघ, सरही धुळेच म्हणतात!"

मी म्हणालो, "थांबा. माझे बोलणे अर्धेच झाले आहे. धुळे लिहा, पण मुलगी घरून जाणार नाही. ती वसतिगृहात राहील."

त्यांचा चेहरा उतरला. पण माझे मत पक्के आहे. जवळच्या महाविद्यालयाचा सगळ्यात मोठा तोटा म्हणजे घर! रोज जाऊन-येऊन शंभर किलोमीटर. दिवसाचे तीन तास रस्त्यावर आणि थांब्यावर. घरी पोचल्यावर पाणी भरायचे, दादीचे औषध द्यायचे, पाहुण्यांना चहा द्यायचा. खालाच्या मुलीचे लग्न निघाले, की आठ दिवस पुस्तक बंद. मुलगा असेल, तर निदान त्याला कुणी स्वयंपाकघरात बोलावत नाही. मोठ्या मुलीला मात्र प्रत्येक जण हाक मारतो. आपण म्हणतो, मुलगी जवळ आहे, नजरेसमोर आहे. ती नजरेसमोर असते, पण तिचा अभ्यास कुणाच्या नजरेत नसतो. शिवाय शव-विच्छेदनाचा पहिला दिवस, रात्रीच्या पाळीत पाहिलेला पहिला मृत्यू, या गोष्टी तिला सोबतच्या मुलींशीच बोलता येतील. घरच्या माणसांना त्या सांगणे कठीण असते.

तुमच्यापैकी काही जण म्हणतील, सरकारी जागाच मिळाली नाही तर? मग परदेशी जाण्याच्या जाहिराती दिसू लागतात. घाई करू नका, एवढेच मी म्हणेन. २०२२ च्या फेब्रुवारीत युक्रेनमध्ये युद्ध पेटले, तेव्हा आपली हजारो मुले तिथे वैद्यकीय शिक्षण घेत होती. त्यांना शिक्षण अर्धवट सोडून परत यावे लागले. बाहेर शिकून आलेल्यांना इथे पुन्हा परीक्षा द्यावी लागते, हे जाहिरातीत बारीक अक्षरांत असते, किंवा नसतेच. घर गहाण टाकण्याआधी पुन्हा एकदा नीट देणे स्वस्त पडते.

आणि दूर कुणी जाऊच नये का? असे मी म्हणत नाही. ज्याच्या घरात अभ्यासाला कोपरा नाही, ज्याचे गाव त्याला वाढू देत नाही, त्याने अवश्य दूर जावे. वर्ध्याजवळ सेवाग्रामला १९६९ पासून वैद्यकीय महाविद्यालय आहे. तिथे पहिल्या वर्षाच्या मुलांना खेड्यात शिबिरासाठी नेतात. अशा ठिकाणी जायला पाचशे किलोमीटरचा प्रवास करावा लागला तरी तो सार्थ आहे. पण "शेजाऱ्यांना काय सांगू" या एका कारणासाठी मुंबईचे नाव वर लिहायचे, हे मला पटत नाही. डॉक्टर झाल्यावर पुढचे शिक्षण असतेच. तेव्हा मुलगी तेवीस-चोवीस वर्षांची असेल. मुंबई तेव्हाही तिथेच असेल.

त्या दिवशी बराच वेळ कुणी बोलले नाही. चहा निवून गेला. मुलगी हळू आवाजात म्हणाली, "अब्बा, वसतिगृहात राहू दिलेत, तर मी धुळे वर लिहीन. रोज येऊन-जाऊन करायचे असेल, तर मुंबई."

अब्बांनी टोपी काढली, गुडघ्यावर ठेवली, पुन्हा घातली. लेकीकडे न पाहता त्यांनी मला विचारले, "सर, रविवारी धुळ्याहून इकडे यायला शेवटची एस.टी. किती वाजता असते?"