क्रिबची जोडी आणण्याआधी

सोलापुरात घरी माशांची टाकी ठेवणाऱ्यांना एक विनंती आहे. दुकानात रॅम, अपिस्टोग्रामा, क्रिबेन्सिस असे दोन-तीन इंचांचे रंगीत मासे दिसले की गप्पींच्या टाकीत सोडायला म्हणून जोडी घेतली जाते. हे सगळे सिक्लिड कुळातले. अंगाने लहान, पण हद्दीसाठी जिवावर उठणारे. आधी त्यांची जागा तयार करा, मग जोडी आणा.

मासा निवडताना आपलं पाणी बघा. बोअरचं पाणी जड, आणि रॅम, अपिस्टोग्रामा हे दक्षिण अमेरिकेतल्या हलक्या पाण्यातले. शिवाय अपिस्टोग्रामाची पिल्लं नर होणार की मादी, हे बरंचसं पाण्याच्या तापमानावर ठरतं. 29 अंशांच्या आसपास नरच जास्त निपजतात, आणि आपल्या उन्हाळ्यात टाकी तिथवर सहज पोहोचते. नवख्याने पश्चिम आफ्रिकेतला क्रिबेन्सिसच घ्यावा, असं माझं स्पष्ट मत आहे. जड पाणी तो चांगलं सोसतो.

एका जोडीला निदान दोन फुटांची टाकी हवी. तळाला बारीक वाळू, तीन-चार करवंट्या किंवा मातीची बोळकी, आणि त्यांचं तोंड मासा जेमतेम आत शिरेल एवढंच. मधे दगड आणि झाडं अशी लावा की या कोपऱ्यातून तो कोपरा दिसू नये. पळणाऱ्याला आडोसा सापडला की बरीच भांडणं तिथेच मिटतात.

वीण जवळ आली की क्रिबेन्सिसच्या मादीचं पोट जांभळट लाल होतं. ती अंग वाकवून ते पोट नराला दाखवते, पुढाकार तिचाच. अंडी ती करवंटीच्या आत छताला चिकटवते आणि मग तिथून हलत नाही. तीनेक दिवसांत अंडी फुटतात, आणि आणखी चार-पाच दिवसांनी ती पिल्लांचा घोळका घेऊन वाळूवर उतरते. या काळात तिच्यापुढे नराचीही डाळ शिजत नाही. तो वरच्या कोपऱ्यात दबून बसलेला, शेपटी फाटलेला दिसला तर वाट बघू नका, लगेच वेगळा काढा. कोवळी जोडी पहिली अंडी बहुधा खाऊन टाकते. तेवढ्यावरून जोडी मोडू नका.

नळ रोज येत नाही म्हणून आलेलं पाणी थेट टाकीत ओतू नका, त्यात क्लोरीन असतो. घरातल्या उघड्या पिंपात दोन दिवस ठेवलेलं पाणी वापरा. गच्चीवरच्या टाकीतलं तापलेलं पाणी तर नकोच.

आता सगळ्यात कळकळीचं. एका विणीत शंभरावर पिल्लं होऊ शकतात. ती किंवा नकोसा झालेला भांडकुदळ नर कंबर तलावात, सिद्धेश्वर तलावात, हिप्परग्याला किंवा शेतातल्या विहिरीत सोडू नका. चिलापीही सिक्लिडच. 1952 साली ती मत्स्यपालनासाठी भारतात आणली, आणि आज उजनी धरणातल्या जाळ्यांत ती सर्रास दिसते. टाक्यांत काच साफ करायला ठेवतात तो सकर मासाही आता उजनीत सापडतो, आणि त्याच्या काट्यांनी मच्छीमारांची जाळी फाटतात. एकदा पाण्यात पसरलेला मासा पुन्हा वेचून काढता येत नाही.

म्हणून जोडी घेतानाच दुकानदाराला विचारा, पिल्लं परत घेणार का. तो नाही म्हणाला आणि ओळखीतही कुणी घेणारं नसेल, तर करवंट्या काढून घ्या आणि नर-मादी वेगवेगळ्या टाक्यांत ठेवा.