कार्डाचं बारसं

आमच्या आत्याबाईंनी आजवर निदान पंचवीस बाळांच्या कानात 'कुर्रर्र' केलं असेल. पण एकाच पाळण्यात दोन निरनिराळी बाळं घालून, दोघांचंही नाव 'सुरेश' ठेवून, वर 'दोन्ही अगदी सारखी आहेत हो, एकाला फक्त बोटं थोडी कमी आहेत' असं त्यांनी कधी कुणाला सांगितलेलं नाही. ग्राफिक्स कार्डं तयार करणाऱ्या कंपन्यांना अशी सुबुद्ध आत्या मिळालेली नाही. तिथे बारसं करतं विक्री खातं, आणि पाठीत धपाटे बसतात ते गिऱ्हाइकाच्या.

हा विषय माझ्या वाट्याला येण्याचं कारण चिरंजीवांचा संगणक. त्यात २०१७ साली बसवलेलं कार्ड आठ वर्षं इमानानं राबलं आणि २०२५ च्या पावसाळ्यात गेलं. जाताना पडद्यावर आधी ठिपक्यांची रांगोळी काढली, मग रंगीत पट्टे ओढले आणि मग काळोख. आमच्या घरात कुठलीही वस्तू अशी एकदम जात नाही. पंख्याची कॉइल भरून आणतात, कुकरची रिंग बदलतात, मिक्सरच्या भांड्याला नवं पातं बसवतात. कार्डाच्या बाबतीत दुरुस्तीवाल्यानं ते हातात घेतलं, उलटसुलट केलं आणि डॉक्टर जसे चष्मा काढून नातेवाइकांकडे बघतात तसं आमच्याकडे बघितलं. आम्ही समजलो.

आता हे कार्ड करतं काय, ते आमच्या वयाच्या वाचकांसाठी सांगून टाकतो. नेहमीच्या पडद्यावर आडवे १९२० आणि उभे १०८० असे एकूण २० लाख ७३ हजार ६०० ठिपके असतात. खेळ चालू असताना त्यातल्या प्रत्येक ठिपक्याचा रंग सेकंदाला साठ वेळा नव्यानं ठरवावा लागतो. म्हणजे सेकंदाला सुमारे साडेबारा कोटी ठिपके. एवढं काम करणाऱ्या प्राण्याबद्दल मला आदरच आहे. माझं भांडण कार्डाशी नाही. त्याच्या नावाशी आहे.

पुरावा हवा ना? घ्या. २०१६ साली एनव्हिडिया कंपनीनं 'जीटीएक्स १०६०' नावाचं कार्ड काढलं. एक सहा जीबी मेमरीचं, एक तीन जीबीचं. कुणालाही वाटावं की फरक डब्याच्या आकाराचा आहे, आतलं लोणचं तेच. पण मोठ्याला आकडेमोड करणारे गाभे १२८० आणि धाकट्याला ११५२! २०१८ साली 'जीटी १०३०' या गरिबाच्या कार्डाची आणखी एक आवृत्ती त्याच नावानं आली. तिची मेमरी पहिलीच्या जेमतेम एकतृतीयांश वेगानं चालणारी. आणि २०१४ च्या 'जीटीएक्स ९७०' ची कथा तर कोर्टात गेली. खोक्यावर चार जीबी लिहिलेलं, पण त्यातला शेवटचा अर्धा जीबी बाकीच्या साडेतीनपेक्षा फारच मंद. अमेरिकेतल्या गिऱ्हाइकांनी दावा लावला आणि २०१६ मध्ये कंपनीनं कार्डामागे तीस डॉलर द्यायचं मान्य केलं. आमच्याकडे दूधवाल्यानं मापात अर्धा पाव मारला, तर गल्ली गोळा होते. इथे खंडपीठ लागतं.

पण या सगळ्यांवर कडी केली ती २०२२ साली. सप्टेंबरमध्ये कंपनीनं 'आरटीएक्स ४०८०' या एकाच नावाची दोन कार्डं जाहीर केली. एक सोळा जीबीचं, ९७२८ गाभ्यांचं. दुसरं बारा जीबीचं, ७६८० गाभ्यांचं. दुसऱ्याची किंमत ८९९ डॉलर. लोकांनी इतकी बोंब मारली की ऑक्टोबरमध्ये कंपनीनं दुसरं कार्ड मागे घेतलं. चुकलं असं नाही म्हणायचं, 'नाव बरोबर ठेवलं गेलं नाही' असं म्हणायचं. जानेवारी २०२३ मध्ये तेच बाळ 'आरटीएक्स ४०७० टीआय' या नावानं, ७९९ डॉलरला पुन्हा पाळण्यात आलं. नुसतं नाव बदलल्यावर शंभर डॉलर कमी! लग्नानंतर नाव बदललेल्या कुठल्याही बाईला अशी सूट मिळाल्याचं माझ्या ऐकिवात नाही.

यावर आमच्या भाच्याचं म्हणणं असं की, 'काका, नाव कशाला बघता? खोक्यावरचं बारीक अक्षर वाचायचं.' भाचा या विषयातला जाणकार आहे, म्हणजे त्याला प्रत्येक कार्डाचा आकडा पाठ आहे आणि स्वतःच्या आजोबांची जन्मतारीख माहीत नाही. पण का वाचायचं बारीक अक्षर? बिस्किटाच्या पुड्यावर निव्वळ वजन छापायला कायदा लावतो. पुडा तोच ठेवून बिस्किटं कमी केली, तर निदान ग्रॅमचा आकडा तरी कमी करावा लागतो. मग हजारो रुपयांच्या कार्डावर गाभे किती, वीज किती खाणार, लांबी किती, हे नावाइतक्याच ठळक टायपात का नको? नाव मात्र दुकानाच्या दारातून वाचता येईल एवढं मोठं.

दुसरा गोंधळ चित्रांचा. २०२५ च्या जानेवारीत लास व्हेगासच्या व्यासपीठावरून जाहीर झालं की ५४९ डॉलरचं नवं '५०७०' हे १५९९ डॉलरला निघालेल्या जुन्या '४०९०' एवढं काम करतं. मध्यमवर्गीय मन असं काही ऐकलं की लगेच पाकीट चाचपतं. मेख अशी की नवं कार्ड एक चित्र खरं काढतं आणि त्याच्या पाठोपाठ तीन चित्रं अंदाजानं रंगवून मध्ये सरकवतं. हालचाल गुळगुळीत दिसते, हे खरंच. मी स्वतः पाहिलं. पण चिरंजीवांनी कळ दाबली तर तिला ओ देणार ते खरं चित्र. मधली तीन नुसती मान डोलावणार. एक लिटर दुधात तीन लिटर पाणी घालून 'चार लिटर झालं की नाही?' असं विचारणाऱ्याला काय उत्तर द्यायचं? झालं बाबा.

हे सगळं पोटात ठेवून आम्ही लॅमिंग्टन रोडला गेलो. (रस्त्याचं खरं नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग. पण ते नाव घेऊन टॅक्सी बोलावून बघा. तिथेही बारशाचा घोळ आहेच.) चार दुकानं पालथी घातली. चारही ठिकाणी पहिला प्रश्न एकच : "काका, बजेट काय?" आणि दुसरं वाक्य : "थोडं वाढवा, फ्यूचरप्रूफ होईल." पुढच्या महिन्याचं गॅस सिलिंडर कधी येईल ते मला सांगता येत नाही, आणि हा गृहस्थ काउंटरमागे उभा राहून २०३५ सालची हमी देतोय!

पडदा केवढा आहे, हे एकानंही विचारलं नाही. खरं तर सगळं गणित तिथेच आहे. आमचा पडदा साधा, वीस लाख ठिपक्यांचा. फोर के म्हणतात त्या पडद्यावर बरोबर याच्या चौपट ठिपके असतात, त्याला चौपट राबणारं कार्ड लागेल. आमच्याकडे ते बसवणं म्हणजे दोन खोल्यांत हत्ती बांधणं. शिवाय संगणकाचा मुख्य प्रोसेसरही २०१७ चाच. तो खेळाचा हिशेब करून देणार, तेव्हा कार्ड चित्र काढणार. मुदपाकखान्यात आचारी एक आणि पंगतीत वाढपी चाळीस, अशी अवस्था झाली की वाढप्यांनी पळीवर ताल धरायचा एवढंच उरतं.

वीज किती, हेही कुणी विचारलं नाही. २०२५ चं सर्वांत थोर कार्ड ५७५ वॅट खातं. तेवढ्यात आमच्या सौ.चा मिक्सर चटणी वाटतो, आणि तो निदान पाच मिनिटांत थांबतो. आमच्या संगणकाचा पॉवर सप्लाय एकूण ४५० वॅटचा. आणि लांबी? काही कार्डं हातभर लांब असतात. मी घरून निघतानाच सौ.च्या शिवणाच्या टेपनं डब्याची आतली जागा मोजून आणली होती. चिरंजीव दुकानात टेप बघून तोंड फिरवून उभे राहिले. राहू देत.

जुनं घ्या, असाही एक पंथ आहे. २०२२ च्या सप्टेंबरमध्ये इथीरियम या आभासी नाण्याची कार्डांवरची खोदाई बंद पडली आणि रात्रंदिवस त्या खाणीत राबलेली कार्डं जगभर विकायला निघाली. 'घरगुती वापर' असं सांगून ती अजून फिरत असतात. बिल मागितलं की विकणाऱ्याला एकाएकी दुसरा फोन येतो.

मला राग येतो तो वेगळ्याच गोष्टीचा. १९९९ साली 'जीफोर्स २५६' आलं तेव्हापासून खेळ खेळणाऱ्या पोरांच्या खाऊच्या पैशांवर ही कंपनी वाढली. जानेवारी २०२५ ला संपलेल्या तिच्या वर्षात एकूण विक्री १३० अब्ज डॉलर. त्यातले ११५ एआयच्या डेटा सेंटरचे आणि गेमिंगचे जेमतेम ११. श्रीमंत जावई मिळाल्यावर जुन्या भाडेकरूचा नळ कोण दुरुस्त करतो?

तेव्हा आम्ही आकड्याकडे पाठ फिरवून दुसऱ्या कंपनीचं, एएमडीचं 'आरएक्स ९०६० एक्सटी' ठरवलं. सोळा जीबीचं. वीज साधारण १६० वॅट, लांबी टेपमध्ये बसणारी. पाचव्या दुकानातल्या मुलानं खोकं पुढे केलं. मी चष्मा लावून वाचलं. आठ जीबी.

"अहो, मी सोळा म्हटलं होतं."

"सेम आहे काका. नाव बघा ना."

नाव खरंच सेम होतं. म्हणजे हीही कंपनी त्याच आळीतली! शेवटी सोळाचं खोकं आतून आलं. बिल करताना मी म्हटलं, "मेमरी बिलावर अक्षरात लिहा."

"अक्षरात? चेक आहे का हा, काका?"

"लिहा हो."

त्यानं लिहिलं : 'सोळा जीबी फक्त.'