तुमचं 'पीसीओएस रिव्हर्सल' पॅकेज तुमच्यापाशीच ठेवा

स्पष्टच लिहिते, कुणाला राग आला तर येऊ दे. गेल्या महिन्यात तीन जणींनी मला 'पीसीओएस ९० दिवसांत गायब' छापाची पॅकेजेस पाठवली. तिन्हींचा तक्ता जवळपास तोच. सकाळी मोडाची मटकी, दुपारी कच्ची कोशिंबीर नि मल्टिग्रेन पोळी, चार वाजता फुटाणे, रात्री राजमा.

नुसता पीसीओएस असेल तर यात फार वावगं नाही. फायबर आहे, प्रथिनं आहेत, साखर हळू चढते. पण मला जोडीला आयबीएस आहे, आणि अशी मी एकटी नाही. हा तक्ता आमच्या पोटात गेला की संध्याकाळपर्यंत पोटाचा ढोल होतो आणि एसटीत पाय ठेवायची हिंमत राहत नाही. कडधान्यं, कांदा, लसूण, गहू यांतल्या काही शर्करा लहान आतड्यात शोषल्या जात नाहीत. त्या पुढे मोठ्या आतड्यात आंबतात, गॅस धरतो. धडधाकट माणसाला ते कळतही नाही, आमची आतडी मात्र बोंब मारतात.

यावर ऑस्ट्रेलियातल्या मोनाश विद्यापीठाने 'लो फॉडमॅप' आहार बसवला. तोही इथे अर्धाच विकतात! बंदी असते दोन ते सहा आठवडे. मग एकेक पदार्थ परत खाऊन आपल्याला नक्की काय बाधतं ते शोधायचं असतं. हा दुसरा भाग पॅकेजात नसतो, कारण तिथे प्रत्येकीला वेगळा वेळ द्यावा लागतो. आणि पीसीओएसच्या २०२३ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचना सांगतात की अमुकच आहार सरस, असा पुरावा नाही. मग ९० दिवसांची गॅरंटी कुठून आणलीत?

बरं, आपल्या स्वयंपाकात उपाय आहेत. ज्वारीची भाकरी बऱ्याच जणींना गव्हापेक्षा सोसते. लसूण तेलात परतून पाकळ्या काढून टाका. त्रास देणारी शर्करा पाण्यात विरघळते, तेलात नाही, त्यामुळे वास राहतो नि पोटही राहतं. बाजारच्या बांधानी हिंगात बहुधा मैदा असतो, डबी वाचा. (कांदा-लसूण नको म्हटलं की सासूबाई विचारतात, "यंदा चातुर्मास लवकर लागला का गं?") मेटफॉर्मिननेही पोट बिघडतं, हळू सुटणारी गोळी चालेल का, डॉक्टरांना विचारा. आणि गहू सोडायच्या आधी सीलिअ‍ॅकची रक्ततपासणी करून घ्या, नंतर ती फसवी येऊ शकते. हे कुठल्या पॅकेजवाल्याने सांगितलंय?

सरकारी दवाखान्यात मला छापील कागद मिळाला: 'कोंडा खा, पालेभाज्या खा, वजन कमी करा.' आयबीएस हा शब्द कुणी ऐकूनच घेतला नाही. २०२१ च्या केंद्रीय कायद्यात आहारतज्ज्ञांच्या नोंदणीची तरतूद आहे. तरी आजाराचं नाव लावून रील्सवर तक्ते विकणाऱ्याला कुणी हटकत नाही.

निवडणुकीआधी आरोग्य शिबिरं लावणाऱ्या सगळ्या भाऊ-दादांना सांगणं आहे. बीपी-शुगर मोजून फोटो काढणं पुरे. एक शिकलेला आहारतज्ज्ञ बसवा, एकेका बाईला वीस मिनिटं द्या. आणि स्टँडवरच्या लेडीज टॉयलेटला आतून कडी नि नळाला पाणी, एवढं या महिन्यात करून दाखवा.